पथ्याचा टोमॅटो

“एक फोड?” मामींनी विचारलं.

“नाही.”

“अर्धी?”

“काकू, अर्धी नाही, पाव नाही. टोमॅटो नाहीच.” आहारतज्ज्ञ मुलगी हसत होती, पण तिच्या हातातलं पेन मामींच्या रक्ताच्या अहवालावर एका आकड्याभोवती गोल काढत होतं. “हे पोटॅशिअम बघा. सहाच्या वर गेलंय. मागच्या महिन्यात साडेपाचच्या आत होतं. काय खाल्लंत?”

“तू सांगतेस तेच. भाजी चिरायची, पाण्यात भिजत घालायची, पाणी ओतून द्यायचं. मग उकळायची, तेही पाणी ओतून द्यायचं. अडीच वर्षं दोनदा धुतलेलं जेवतेय मी. माझे कपडेसुद्धा एकदाच धुतात.”

शेजारच्या पलंगावरचा पेशंट खुदकन हसला. मामी उजव्या हातावर डोकं टेकून पडल्या होत्या. डाव्या हातातून दोन नळ्या निघून डायलिसिसच्या यंत्रात गेल्या होत्या आणि यंत्र आपलं रक्त धूत बसलं होतं. आठवड्यातून तीन सकाळी, दर वेळी चार तास. पायथ्याशी स्टुलावर मामा. आता ते थोडे पुढे सरकले.

“एक विचारू का? टोमॅटोत हे पोटॅशिअम येतं कुठून?”

“कुठून म्हणजे? टोमॅटोत असतंच ते काका.”

“असतं हो. पण येतं कुठून? टोमॅटो काही ते स्वतः तयार करत नाही.”

मुलीने पेनाचं टोपण लावलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. “मातीतून येत असणार. खतातून.”

“बरं. आणि मातीच नसेल तर?”

“झालं,” मामी छताकडे बघत म्हणाल्या, “लागला किडा.”

मामा तसे कुणाचेच सख्खे मामा नव्हते. चौतीस वर्षं ते कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते आणि तिथे आलेल्या प्रत्येक पोरापोरीने त्यांना मामाच म्हटलं. ओघाने बायको मामी झाली. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन द्रावणं तयार करायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, बर्नर तपासायचे, संध्याकाळी फुटलेल्या नळ्या मोजायच्या, हे त्यांचं काम. पोटॅशिअम त्यांना चांगलं ओळखीचं होतं. प्लॅटिनमच्या तारेवर चिमूटभर क्षार घेऊन ज्योतीत धरला की निळ्या काचेतून फिकट जांभळा रंग दिसतो. दर वर्षी मुलं “अय्या!” म्हणत आणि दर वर्षी मामांनाही मनातल्या मनात तसंच वाटे. तोच जांभळा रंग बायकोच्या रक्तात साचतो आणि एखाद्या दिवशी तिचं हृदय बंद पाडू शकतो, हे मात्र अडीच वर्षांपूर्वीच कळलं होतं.

कॉलेजातल्या प्रयोगांची एक गंमत होती. त्यांची उत्तरं आधीच ठरलेली असत. एखाद्या मुलाचं उत्तर वेगळं आलं की ते चूक. नोकरीच्या सुरुवातीला मामांनी एका प्राध्यापकांना विचारलं होतं, “सर, वेगळं का आलं ते बघायचं नाही का?” सरांनी खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने सांगितलं, “मामा, तुम्ही बाटल्या भरा.” त्यानंतर मामांनी कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं थांबवलं म्हणून प्रश्न पडायचे थांबतात असं मात्र नाही.

त्या आठवड्यात मामांनी लायब्ररीतली तीन पुस्तकं पालथी घातली. बिनमातीची शेती जगभर चालते हे त्यांना ऐकून माहीत होतं. मुळं पाण्यात सोडायची आणि झाडाला लागणारे क्षार मोजून त्या पाण्यात घालायचे. जे घालाल तेच झाड पिणार. कुठे कुठे लोकांनी असंच मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी कमी पोटॅशिअमचा पाला पिकवला होता, टोमॅटोही करून पाहिले होते. पण आपल्या बादलीत, आपल्या खिडकीत किती कमी होईल, झाड जगेल की मरेल, फळ धरेल की नाही, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता.

“आणि माझी खुर्ची कुठे जाणार?” मामींनी विचारलं. पूर्वेच्या खिडकीतली जागा त्यांची होती. तिथे बसून त्या पेपर वाचत. वाचत म्हणजे चुका काढत. तीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली होती. छापलेलं काहीही समोर आलं की हात लाल पेन्सिलीकडे जाई. औषधाच्या खोक्यावरचे ऱ्हस्व-दीर्घसुद्धा त्या दुरुस्त करून ठेवत.

“खुर्ची थोडी अलीकडे घेऊ. तुला झाडं दिसतील.”

“मला दिसतील आणि खाणार कोण?”

मामा कामाला लागले. दोन बादल्या बाहेरून काळ्या रंगवल्या, आत उजेड गेला तर पाणी शेवाळतं म्हणून. झाकणांना भोकं पाडली, त्यात जाळीचे पेले बसवले, पेल्यांत भाजलेल्या मातीच्या गोळ्या भरल्या. माशांच्या टाकीला लावतात तो छोटा हवेचा पंप आणला. त्याच्या दोन नळ्या दोन बादल्यांत सोडल्या की आत बुडबुड सुरू. स्पंजच्या तुकड्यांवर रुजवलेली दोन रोपं, दोन्ही एकाच पाकिटातल्या बियांची, पेल्यांत बसली. पांढरी मुळं आठवडाभरात जाळीतून बाहेर डोकावली.

“दोन कशाला?” मामींनी विचारलं. “मला एकच पुरे.”

“एकाला सगळं खायला द्यायचं, दुसऱ्याचं पोटॅशिअम तोडायचं. दोन असल्याशिवाय फरक कसा कळणार?”

मामांनी वही सुरू केली आणि झाडांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावं दिली. दुसऱ्या दिवशी पाहतात तर दोन्ही अक्षरांवर लाल काट. ‘अ’च्या जागी लिहिलं होतं, ‘खादाड’. ‘ब’च्या जागी, ‘पथ्यवाली’.

“हे शास्त्रीय नाही,” मामा म्हणाले.

“टोमॅटो हा शब्द तुम्ही चार वेळा लिहिलाय आणि चारही वेळा अनुस्वार दिलाय. ते शास्त्रीय आहे का?”

इथून वही दोघांची झाली. मामा निळ्या शाईत मोजमापं लिहीत: पाण्याचा आंबटपणा, क्षारांचं प्रमाण, उंची, पानं. मामी खाली लाल पेन्सिलीत शेरे मारत. ‘खादाड खिडकीशी आहे, पथ्यवाली भिंतीशी. हिला ऊन कमी मिळतं. मग उद्या फरक दिसला तर तो पोटॅशिअमचा की उन्हाचा?’ मामांनी कपाळावर हात मारला. चौतीस वर्षं काढली आणि एवढं सुचलं नाही! त्या दिवसापासून दर सोमवारी बादल्यांची अदलाबदल सुरू झाली.

फुलं यायच्या सुमाराला मामींनी त्याहून मोठी चूक पकडली. पोटॅशिअमचा क्षार काढल्यावर त्याच्या बदल्यात काय घालायचं, ते मामांनी पुस्तकातून उतरून घेतलं होतं. मामी चष्मा नाकावर घेऊन वाचत होत्या.

“अहो, हे सोडिअम नायट्रेट म्हणजे मिठातलंच सोडिअम ना?”

“हो.”

“आणि मीठ मला कधीपासून चालायला लागलं?”

मामा वहीकडे बघतच राहिले. झाडाला जे पाजणार ते फळात उतरणार, हाच तर सगळा प्रयोग. एक विष काढून दुसरं भरायला निघाले होते ते. त्यांनी ती ओळ खोडली आणि कॅल्शिअमवर आणि थोड्या अमोनिअमवर हिशोब नव्याने बसवला. बसवायला दोन दिवस लागले. मामी त्या दोन दिवसांत एकदाही “बघा” म्हणाल्या नाहीत. त्यांच्या स्वभावाकडे बघता हा मोठाच संयम होता.

फुलं आली. पिवळी, खाली मान घातलेली. आली आणि गळली. पहिला झुपका गेला, दुसऱ्यातलीही तीन गेली. मामा हैराण. सगळं मोजून दिलं, मग फळ का धरत नाही?

“खोलीत वारा नाही, माश्या नाहीत,” मामी म्हणाल्या. “परागकण झडणार कसे? बिचारीला कुणी भेटायलाच येत नाहीये.”

पुस्तकातही तेच निघालं. टोमॅटोचं फूल थरथरलं की पराग सोडतं. मामांना नादकाटा आठवला. निवृत्तीच्या दिवशी भौतिकच्या सहायकाने एक जुना, बाद झालेला नादकाटा आठवण म्हणून दिला होता. तो कपाटातून काढला, चपलेच्या रबरी टाचेवर आपटला आणि फुलाच्या देठाला टेकवला. बारीक गुंजन झालं आणि फुलाखाली धरलेल्या काळ्या कागदावर पिवळी धूळ पडली. इतकी थोडी, की फुंकर घातली असती तर गेली असती.

“आणा इकडे,” मामी म्हणाल्या.

मग ते काम त्यांचंच झालं. रोज सकाळी सात वाजता, दोन्ही झाडांना, न चुकता. तिसऱ्या दिवशी नादकाटा हातात वाजत असताना त्या मध्येच थांबल्या. कानाशी नेला, मग डाव्या हाताकडे पाहिलं.

“अहो, इकडे या. हे दोन्ही एकच आहे.”

“काय एकच आहे?”

“हात लावा इथे.”

डायलिसिससाठी मामींच्या डाव्या हातात दोन रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडल्या होत्या. कोपराजवळ त्वचेखाली फुगीर गाठीसारखं झालं होतं. नर्स तिथे दर खेपेला हात लावत, सुया टोचत. मामांनी अडीच वर्षांत तिथे कधी हात लावला नव्हता. काही तुटेल, फुटेल, दुखेल असं वाटे. कुणाला सांगितलं नव्हतं, पण बघायचीही भीती वाटे.

“काही होत नाही. लावा.”

त्यांनी दोन बोटं टेकवली. आत काहीतरी गुणगुणत होतं. नाडीसारखे ठोके नव्हते ते. सलग बारीक थरथर होती, बंद मुठीत भुंगा धरल्यासारखी.

“हे सारखं चालू असतं?”

“सारखं. उशाशी हात घेतला तर ऐकूही येतं. थांबलं तर पळत हॉस्पिटलात जायचं असं सांगितलंय.”

“मला नाही सांगितलंस कधी.”

“तुम्ही नाही विचारलंत कधी,” मामी म्हणाल्या. रागाने नाही. “जगातलं सगळं विचारता. एवढं सोडून.”

मामांनी बोटं काढली नाहीत. पंपाची बुडबुड चालू होती. बऱ्याच वेळाने मामीच म्हणाल्या, “पुरे आता, खादाड राहिलीय,” आणि नादकाटा पुन्हा टाचेवर आपटला.

दोन्ही झाडांना फळं धरली. हरभऱ्याएवढी झाली तसं मामांनी पथ्यवालीचं पोटॅशिअम तोडलं. पंधरा दिवस काहीच दिसलं नाही. मग खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, पिवळ्याच्या तपकिरी झाल्या, आणि एका सकाळी त्या इस्त्री लागल्यासारख्या करपलेल्या होत्या. शेजारी खादाड हिरवीगार, अंगाने भरलेली, दांडगी. मामा वहीत लिहीत होते, ‘लक्षणे अपेक्षेप्रमाणे.’

मामींनी वही त्यांच्या हातून काढून घेतली. “अपेक्षेप्रमाणे? तुम्ही उपाशी मारताय तिला.”

“अगं, पोटॅशिअम तोडल्याशिवाय...”

“मला कळतं तोडणं म्हणजे काय. माझंही तोडलंय. पण मला मरू देत नाहीत ना ते? मोजून मापून का होईना, देतात. आठवड्यातून तीनदा सुई टोचून तपासतात की बाई जिवंत आहे ना. तुम्ही नुसतं लिहीत बसलाय.”

“ते झाड आहे.”

“माझ्यासाठी वाळत चाललेलं झाड आहे. मला नको असला टोमॅटो. द्या तिला जे लागतं ते.”

मामांनाही राग आला. चार महिने, रोजची मोजमापं, आणि आता फळं दिसायला लागल्यावर! “मग बंद करू सगळं?”

“करा.”

दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या चार तासांत मामा स्टुलावर बसून यंत्राकडे बघत होते. यंत्र सगळंच काढून घेत नव्हतं. नर्सने त्यांना सांगितलं, यंत्रातल्या पाण्यातही थोडं पोटॅशिअम मुद्दाम ठेवलेलं असतं. एकदम सगळं खेचलं तर माणूस दगावेल. मामांनी दोनदा विचारून घेतलं, “किती ठेवता?”

घरी येऊन त्यांनी चमचाभर द्रावण मोजलं आणि पथ्यवालीच्या बादलीत ओतलं. दर आठवड्याला एकदा, एवढंच. झाड जगावं, पण साठवू नये, इतकं. करपलेली पानं सुधारली नाहीत, पण नवी पानं धड निघाली. मामींनी लाल पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘आज बरी दिसते.’

आधी लाल झाली ती खादाडची फळं. काय रंग होता! टपोरी, गुळगुळीत, जवळून गेलं तरी देठाचा तो हिरवा, उग्र वास येणारी. सात होती. एके दुपारी मामा गाळलेल्या पाण्याचे कॅन घेऊन आले आणि सवयीने मोजलं तर सहा.

पुन्हा मोजलं. सहा.

त्यांनी कॅन खाली ठेवले. मामी खुर्चीत बसल्या होत्या, पेपर मांडीवर, पेन्सील हातात नाही.

“एक कमी आहे,” मामा म्हणाले.

मामींनी पेपरची घडी घातली.

“अगं, एक कमी आहे. कधी? किती खाल्लास? छातीत काही होतंय का? हॉस्पिटलला फोन...”

“गिळला नाही.” मामींनी वर पाहिलं नाही. “चावला. तोंडात धरला. आणि बेसिनमध्ये थुंकला. सगळा. तीनदा चूळ भरली. जाऊन बघा, साली तिथेच आहेत.”

मामा खरंच जाऊन बघून आले. बेसिनच्या जाळीवर लाल चोथा आणि बिया होत्या. ते परत आले तेव्हा मामी रडत होत्या. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी वाहत होतं.

“अडीच वर्षांनी तोंडात घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला,” त्या म्हणाल्या. “शरम वाटली हो मला. चोरी करून लहान पोरासारखं. आणि वर थुंकायचं.”

मामांना खूप काही बोलता आलं असतं. जीव गेला असता म्हणता आलं असतं. भरवसा कसा ठेवायचा असंही विचारता आलं असतं. ते समोरच्या पाटावर टेकले आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाच अनपेक्षित होतं.

“कसा होता?”

मामींनी डोळे पुसता पुसता त्यांच्याकडे पाहिलं. “काय माणूस आहात!” त्या म्हणाल्या आणि रडतच हसल्या. “हे विचारताय आत्ता?”

“सांग तरी.”

“आधी साल लागली. ताणलेली. मग फुटली,” मामींनी डोळे मिटले, “आणि सगळं एकदम आलं. आंबट आधी, दोन्ही गालांच्या आत. मग गोड, पण मागून, हळूच. आणि बियांभोवतीचं ते बुळबुळीत असतं ना, त्याला वेगळीच चव आहे. तिला नाव नाही. लहानपणी नळाखाली धुऊन उभ्या उभ्या खायचो, तसं. बाही ओली व्हायची.”

मामांनी वही उघडून लिहायला घेतलं, शब्द न शब्द. मामींनी हात पुढे करून वही बंद केली. “हे नका लिहू. हे माझं आहे.”

पथ्यवालीची फळं मागाहून पिकली. आकाराने लहान, आणि रंग धड लाल नाही. देठाजवळ पिवळट पट्टा, मध्येच फिकट डाग. दिसायला काही खास नव्हती. मामांनी दोन्ही झाडांची तीन तीन फळं वेगवेगळ्या डब्यांत घातली आणि सहा वर्षांनी कॉलेजची पायरी चढली.

प्रयोगशाळेत वास तोच होता. विभागप्रमुख आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी होती. मुलगी कसली, पन्नाशीची बाई.

“मॅडम, थोडं काम होतं,” मामा दारातूनच म्हणाले.

“मॅडम काय हो मामा! आत या आधी. माझ्या हातून ब्युरेट फुटली तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत, विसरले नाही मी.”

मामांनी सगळं सांगितलं. वही दाखवली. बाईंनी पानं उलटली. निळं वाचलं, लालही वाचलं. मध्येच हसल्या, मध्येच थांबल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सोडिअमची चूक कुणी पकडली?”

“बायकोने. छापखान्यात होती.”

“विद्यार्थ्याला हे काम देऊ का मी? दोन दिवस लागतील.”

“मीच केलं तर चालेल का?”

“तुम्हीच करा. फ्लेम फोटोमीटर तुमच्याइतका कुणाला येतो इथे?”

दोन दिवस मामा सगळ्यांच्या आधी आले. फळं वाळवली, जाळून राख केली, राख आम्लात विरघळवली, गाळली, मापात बसवली. पातळ नळीने यंत्र एक एक नमुना ओढून घेई, ज्योत हले आणि पडद्यावर आकडा येई. प्रत्येक नमुना तीनदा लावला. खादाड, शंभर ग्रॅमला दोनशे एकतीस मिलिग्रॅम. पथ्यवाली, एकशे चार. सोडिअम दोघींचं जवळपास सारखं.

निम्म्याहून कमी. मामांनी चौथ्यांदा लावून पाहिलं. एकशे तीन.

अहवालाचा छापील कागद भरून ते बाईंच्या टेबलाशी गेले आणि सवयीने पेन पुढे केलं. तळाशी जागा होती, ‘विश्लेषण करणाऱ्याची सही आणि पूर्ण नाव’. असे हजार कागद त्यांनी या खोलीतून त्या खोलीत नेले होते.

बाईंनी पेन घेतलं नाही. “विश्लेषण कुणी केलं?”

“मी.”

“मग?”

मामा उभ्यानेच वाकले. मग खुर्ची ओढून बसले. स्वतःचं पूर्ण नाव लिहायला त्यांना जरा वेळ लागला. बाईंनी खाली शिक्का मारला.

आहारतज्ज्ञ मुलीने कागद दोनदा वाचला, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि आठवडाभर काहीच कळलं नाही. आठवड्यानंतर ती पलंगाशी आली तेव्हा हातात लिहिलेली चिठ्ठी होती. “ऐका नीट. या झाडाचा, फक्त या झाडाचा. आठवड्यातून एकदा, डायलिसिसच्या दिवशी सकाळी, पन्नास ग्रॅम. महिन्याने रक्त बघू. आकडा वर गेला तर बंद. आणि बाजारातला टोमॅटो हा टोमॅटो नव्हे, तो नाहीच चालणार. कबूल?”

“कबूल,” मामी म्हणाल्या.

“काका, तुम्ही पण कबूल म्हणा.”

“कबूल,” मामा म्हणाले. मग राहवेना, “पन्नासच का? साठ का नाही?”

“अहो, गप्प बसा!” मामी म्हणाल्या.

सोमवार उजाडला. साडेआठला हॉस्पिटलात पोचायचं होतं. मामींनी केस विंचरले होते, बाहेर जायची साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. मामांनी पथ्यवालीचं त्यातल्या त्यात लाल फळ खुडलं, धुतलं, काट्यावर ठेवलं. अठ्ठावन्न. धारदार सुरीने एक पातळ चकती कापून बाजूला काढली. पन्नास. उरलेल्याच्या चार फोडी केल्या, बशीत मांडल्या आणि बशी मामींच्या हातात दिली.

आठ ग्रॅमची चकती मामांच्या हातात राहिली. ती त्यांनी तोंडात टाकली. काही नव्हतं त्यात. ओलसर, थोडं पिठूळ, लांबून कुठूनतरी आल्यासारखा आंबटपणा. पोटॅशिअम गेलं तशी चवही गेली होती. हे त्यांना आधीच कळायला हवं होतं. सहा महिने या बाईला आशेला लावलं आणि हातात काय दिलं, तर भिजवलेला कापूस.

मामींनी पहिली फोड उचलली होती. त्या सावकाश चावत होत्या. मामा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि काहीच वाचता येत नव्हतं. फोड संपली. दुसरी घेतली. तिसरी. कसा आहे हे विचारायचं धाडस पहिल्यांदाच त्यांना होत नव्हतं.

चौथी फोड उचलण्याआधी मामी थांबल्या.

“फिका आहे,” त्या म्हणाल्या.

“हो,” मामा म्हणाले. “मला कळलं. मी आत्ताच...”

“फिका आहे, पण टोमॅटो आहे.” त्यांनी चौथी फोड तोंडात घातली, चावली आणि गिळली. गिळताना त्यांनी एक हात गळ्यावर ठेवला होता, खाली उतरताना तो घास कळावा तसा. “उतरला,” त्या म्हणाल्या.

खाली रिक्षा येऊन थांबली होती. मामांनी पिशवी घेतली, फाइल घेतली, बशी विसळायला म्हणून हात पुढे केला. बशीत थोडं गुलाबी पाणी आणि तीन-चार बिया होत्या.

“थांबा जरा,” मामी म्हणाल्या.

त्यांनी बशी सोडली नाही. दोन्ही हातांनी ती मांडीवर धरून त्या बसून राहिल्या. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. मामा पिशवी खांद्याला लावून दाराशी उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही.